उंबऱ्याची चाल कुणाची

सरावली, बोईसर
९ जानेवारी २०२५

ती. एकनाथ मास्तरांना हेमांगीचा नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर तुम्ही ओळखलं असेल. हे अक्षरही तुम्हीच वळवलेलं आहे, निदान सुरांचं तरी. फोन करणार होते, पण तुमची दीपाताई म्हणाली की आता तुम्हाला फोनवरचं काही उमगत नाही, कानाचं मशीन लावलं तरी समोरच्याच्या ओठांकडे बघावं लागतं. वाचणं मात्र पहिल्यासारखंच आहे म्हणाली. म्हणून हे पत्र. बोईसरहून सफाळ्याला गाडीनं अर्धा तास लागतो हे मलाही माहीत आहे. तरी पत्रच.

रविवारी पालघरला शाळांच्या मुलांची पियानोची स्पर्धा होती. माझी एक विद्यार्थिनी आहे, भाग्यश्री. सालवडला राहते, तेरा वर्षांची आहे, हात फार गोड आहे तिचा. तिनं माझ्या पुस्तकातला सहावा तुकडा वाजवायला घेतला होता. तो कोणता ते तुम्हाला सांगायला नको. पुस्तकात त्याचं नाव 'खाडीवरची संध्याकाळ' असं आहे. निवेदक म्हणाले, "रचना, हेमांगी सावे." तिनं सुरुवात केली. पहिली ओळ संपते न संपते तोच तिसऱ्या रांगेतून एक म्हातारी बाई चांगल्या मोठ्यानं म्हणाली, "ही तं आमच्या एकनाथची उंबऱ्याची चाल. नवरी दारात आली का वाजवायचे."

भाग्यश्रीची आजी होती ती. हंसाबाई. माहेर दांडीचं, तुमच्याच गावचं.

लोक हसले. कुणीतरी त्यांना गप्प केलं. पोरगी थांबली नाही, शेवटपर्यंत नीट वाजवलं तिनं. बाहेर आल्यावर मात्र मला म्हणाली, "मॅडम, आजी म्हणते ही बँडवाल्या मास्तरांची आहे. मग वर तुमचं एकटीचंच नाव कसं?"

मी म्हटलं, "प्रकाशकाकडून राहून गेलं."

पुस्तकाची दुसरी आवृत्ती मार्चमध्ये निघते आहे. मुंबईला प्रकाशकाकडचे मेहुलभाई ती बघतात, त्यांनी फेब्रुवारीअखेर दुरुस्त्या मागितल्या आहेत. मला त्या तुकड्यावर तुमचं नाव घालायचं आहे. नुसतं एकनाथ तामोरे लिहू की वडिलांचंही नाव घालू, ते कळवा. तुमची परवानगी हवी आहे. सोबत पत्ता लिहिलेलं पाकीट ठेवलं आहे, दोन ओळी पुरेत.

तुमची
हेमांगी


सरावली
३० जानेवारी २०२५

ती. मास्तर,

पाकीट परत आलं नाही. दीपाताईला विचारलं. ती म्हणाली, "बाबांनी वाचलं, दोनदा वाचलं, आणि क्लॅरिनेटच्या पेटीत ठेवलं. बोलले काही नाहीत." फाडलं नाही, एवढ्यावर मी पुन्हा लिहायला बसले आहे.

मेहुलभाईंशी बोलणं झालं. माणूस वाईट नाही, त्याला काम लवकर उरकायचं आहे. म्हणाले, "मॅडम, लग्नातली चाल ना? मग 'पारंपरिक' टाकू. कुणी काही विचारणार नाही."

मी म्हटलं, "ज्याची चाल आहे तो माणूस सफाळ्याला लेकीकडे राहतो. सकाळी चहा पितो, पेपर वाचतो. तो पारंपरिक कसा होईल?"

"मग तुमचं नाव काढायचं?"

मी म्हटलं, बघून सांगते. मग आठवडाभर मी नुसती नावंच वाचत बसले होते. दुसऱ्याचं संगीत पियानोवर उतरवण्याची रीत युरोपात दोन-तीनशे वर्षांची आहे. आणि नाव लिहायच्या तऱ्हा किती. काही जण मूळ रचनाकाराचं नाव मोठ्या अक्षरात देतात आणि खाली बारीक, 'पियानोसाठी अमुक'. काही दोन्ही आडनावांमध्ये एक आडवी रेघ मारतात. एका जर्मन माणसाची व्हायोलिनची रचना पुढे एका इटालियन माणसानं पियानोवर आणली, तर आता लोक त्या दोघांची नावं अशी जोडून घेतात की जणू नवराबायकोच. काही जण मुळात इतका बदल करतात की 'अमुकच्या सुरावटीवरून' असं लिहितात आणि स्वतः पुढे उभे राहतात. आणि काही जण मुळातल्या माणसाचं नाव लिहीतच नाहीत. अशांची यादी मला कुठे मिळाली नाही.

तुम्ही म्हणाल, तुझं काय आहे त्यात? थोडं आहे, मास्तर. तुमच्या क्लॅरिनेटचा लांब सूर फुंकर घालाल तसा वाढतो. पियानोचा सूर वाजला की त्याच क्षणी विरायला लागतो. तुमची ती लांबच लांब तार मी पियानोवर कशी धरून ठेवणार होते? म्हणून उजव्या हातात बारीक लहरी घातल्या, आणि डाव्या हातात आपल्या बँडचा मोठा ढोल आणला. त्याला मला चार महिने लागले. ते माझं. चाल तुमची.

तुम्ही एवढंच लिहा, की असं चालेल.

हेमांगी


सरावली
१६ फेब्रुवारी २०२५

ती. मास्तर,

गेल्या दोन पत्रांत मी एक गोष्ट वळसा घालून गेले. तुमच्या लक्षात आलीच असणार. तुम्ही उत्तर देत नाही ते त्यामुळेच, असं मला वाटतं.

प्रकाशकाकडून काही राहून गेलं नव्हतं.

२०१९ साली त्यांनी एक फॉर्म पाठवला होता. प्रत्येक तुकड्यासमोर तीन चौकटी. शीर्षक, रचनाकार, कालावधी. बारा तुकडे होते, त्यातले अकरा माझे स्वतःचे. सहाव्याच्या समोर मी आधी तुमचं नाव पेन्सिलनं लिहिलं होतं. मग 'उंबऱ्याची चाल' हे नाव बघून मला वाटलं, हे कुणाला कळणार? म्हणून 'खाडीवरची संध्याकाळ' केलं. शीर्षक माझं झाल्यावर पुढच्या चौकटीतलं नाव उपरं दिसायला लागलं. ते मी खोडरबरानं पुसलं आणि पेनानं माझं लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. वेळ सकाळची होती, घरात मी एकटी होते, डोकं शांत होतं. घाईत झालं असंही म्हणता येत नाही.

मग ऑगस्टमध्ये तुम्ही आलात. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलं होतंत. तेव्हा तुम्हाला थोडंफार ऐकू यायचं. सहावं पान उघडून माझ्यासमोर धरलंत आणि म्हणालात, "बाय, हे वर काय लिवलंय ते वाच."

मी वाचलं नाही. म्हटलं, "प्रकाशकाची चूक आहे, मास्तर. पुढच्या वेळी नीट करू."

तुम्ही माझ्याकडे जरा वेळ बघितलंत, चहा संपवलात, पुस्तक पुन्हा पिशवीत घातलंत आणि गेलात. मी अकरा वर्षांची असताना बाबा मला सायकलवर पुढे बसवून दांडीला तुमच्या बँडच्या खोलीत आणायचे. पोरी बँडमध्ये नसत, तरी तुम्ही मला पाच रेघांवरचे सूर वाचायला शिकवलेत. त्या माणसाला मी वाचता येणारी गोष्ट वाचून दाखवली नाही.

पुढच्या वर्षी चंद्रकांताकाकू गेल्या. मी आले नाही. तेव्हा सगळीकडे जाण्यायेण्याची बंदी होती, हे खरं आहे. बंदी उठल्यावरही आले नाही, हेही तितकंच खरं आहे.

भाग्यश्रीला काल सांगितलं. वर्गात, इतर मुलं यायच्या आधी. "प्रकाशकाकडून नाही, माझ्याकडून झालं," म्हटलं. ती म्हणाली, "आजीला सांगू?" मी म्हटलं, सांग.

आता परवानगी मागत नाही. तुमचं नाव छापणारच. तुम्ही उत्तर दिलं नाहीत तरी छापेन.

हेमांगी


सफाळे
२३ फेब्रुवारी २०२५

बाय हेमांगी,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. माझं अक्षर आता हलतं, सांभाळून घे. दीपा बोलली मी लिहून देते, मी नाय म्हटलं. हे तिच्या हातून लिवण्यासारखं नाय.

पयलं पत्र आलं तेव्हा वाटलं, गप बसावं. दुसरं आलं तेव्हा पण तेच. तिसऱ्यात तू खरं लिवलंस, मंग माझं गप बसणं मला चावायला लागलं. आता माझं ऐक.

त्या दिवशी मी तुझ्याकडं आलो तो रागानंच आलो होतो. तुझं ते प्रकाशकाचं ऐकून आणखी रागावलो. घरी गेलो. चंद्रकांता अंगणात सुके बोंबील निवडत बसली होती. पुस्तक तिच्यापुढं टाकलं आणि बोललो, "बघ, आपली चाल पोरीनं नेली. माझं नाव पण नाय घातलं."

तिनं वर बघितलं पण नाय. बोलली, "तुमी तरी माझं कुठं घातलंव?"

बोलली आणि हसली, आणि बोंबील निवडत राहिली. चाळीस वर्षांत ती ह्या गोष्टीवर एक शब्द बोलली नव्हती.

आता तुला सांगतो कशी झाली ती. लग्नाला आमच्या दोन वर्षं झाली होती. मी बँडसाठी नवीन चाल बांधत होतो. नवरी दारात येते तेव्हा नुसता धांगडधिंगा नको, काय तरी मऊ पाहिजे, असं डोक्यात होतं. आठ बार झाले, म्हणजे पयल्या दोन ओळी, आणि अडलो. चार दिवस तेच आठ बार घरात वाजवत होतो. पाचव्या दिवशी ही मासळी साफ करताना माझे आठ बार गुणगुणत होती, आणि ती थांबली नाय. तशीच पुढं गेली. मी आतून धावत आलो, बोललो, "परत म्हण." तिनं परत म्हटलं. मी लिवून घेतलं. वर लिवलं, एकनाथ तामोरे. तेव्हा मला त्यात काय चुकलं असं वाटलं पण नाय. बाया गातातच, असं वाटलं.

म्हणजे पयले आठ बार माझे. पुढचं सगळं तिचं. लोक जिथं डोळे पुसतात तो भाग तिचा हाय.

तुझ्यावरचा राग त्याच दिवशी अंगणात गेला. पण मंग तुझ्याकडं यायला तोंड नव्हतं. तुला काय सांगणार? माझं नाव घाल, ते पण खोटंच हाय? तिला मात्र बोललो होतो, की मी नीट करतो. कुठं करणार होतो? बँड तर मोडला होता. आणि आठ महिन्यांनी तीच गेली. तू समजलीस मी रुसलोय. मी समजलो तू लाजतेस. साडेपाच वर्षं गेली त्यात.

नाव घालायचं तर तिचं घाल. माझं नाय घातलंस तरी चालेल.

आणखी एक. तुझ्या पुस्तकात बाविसाव्या बारात तू नी शुद्ध केलास. माझ्या वहीत तो कोमल हाय. तुला वाटलं असेल म्हाताऱ्याचं लिवताना चुकलं. सगळ्या वाजवणाऱ्यांना तसंच वाटायचं. ते चुकलेलं नाय. ती तसाच लावायची.

एकनाथ


सरावली
२६ फेब्रुवारी २०२५

ती. मास्तर,

तुमचं पत्र मी पोस्टमनच्या हातून घेतलं आणि दारातच वाचलं. काकूंचं ते वाक्य वाचून मी हसले. एकटीच, मोठ्यानं. मग पायरीवर बसून राहिले. साडेपाच वर्षं छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणी उचलून नेलं, आणि नेताना वर थट्टाही करून गेलं, असं वाटलं.

तुमचं नाव काढणार नाही. आठ बार म्हणजे काही थोडं नाही. त्या आठ बारांशिवाय काकूंनी पुढे काय म्हटलं असतं?

बाविसावा बार आज दुरुस्त केला. मला खरंच वाटलं होतं की तुमचं चुकलं. नी कोमल केल्यावर पुढचे चार बार निराळेच वाजायला लागले. आधी तिथे चाल नुसती पुढे जायची, आता दारात क्षणभर थबकते. इतकी वर्षं मी तो तुकडा 'सुधारून' शिकवत होते.

मेहुलभाईंना फोन केला. आधी त्यांना वाटलं, मी आणखी एक सूर बदलते आहे.

"नावंही बदलायची आहेत. शीर्षक 'उंबऱ्याची चाल'. त्याखाली, रचना, चंद्रकांता तामोरे आणि एकनाथ तामोरे. त्याखाली बारीक, पियानोसाठी, हेमांगी सावे."

"दीड पानाच्या तुकड्याला तीन नावं? एका ओळीत मावणार नाहीत, मॅडम."

"मग दोन ओळी करा."

"आणि आधीच्या आवृत्तीचं काय? 'मुद्रणदोष' म्हणून एक टीप टाकतो."

"टीप टाका. पण मुद्रणदोष नको. लिहा, पहिल्या आवृत्तीत ही रचना केवळ हेमांगी सावे यांच्या नावे छापली गेली, ती चूक हेमांगी सावे यांची."

ते म्हणाले, "असं कुणी लिहीत नाही हो." पण लिहून घेतलं, आणि मला परत वाचून दाखवलं.

आज भाग्यश्री आली तेव्हा तिला काकूंची गोष्ट सांगितली. तिनं दप्तरातून पेन्सिल काढली आणि आपल्या पुस्तकात सहाव्या पानावर दोन्ही नावं लिहिली, काकूंचं आधी. मी म्हटलं, माझं खोड. ती म्हणाली, "कशाला? तुम्ही खाली जा फक्त." आणि माझ्या नावाभोवती गोल करून तिथून खाली एक बाण काढला.

पुस्तक छापून आलं की लगेच पाठवते.

तुमची
हेमांगी


सफाळे
२१ एप्रिल २०२५

बाय हेमांगी,

पुस्तक शनिवारी मिळालं. पार्सल दीपानं फोडलं. मी खाटेवर बसलो होतो. तिनं पानं चाळली आणि एका पानावर थांबली. मंग माझ्यासमोर येऊन बसली, म्हणजे मला ओठ दिसतील अशी, आणि बोलली, "बाबा, इथं आईचं नाव कसं?"

तिला ठाऊक नव्हतं. मी तिला कधी सांगितलंच नव्हतं, आणि तिच्या आईनं पण नाय. तिच्या लग्नात ह्याच घराच्या उंबऱ्याशी मीच ती वाजवली होती. तिची आई मागं वऱ्हाडात उभी होती. तेव्हा पण आम्ही दोघं काय बोललो नाय.

आता सगळं सांगितलं. तुला लिवलं होतं तसंच, बोंबलासकट. ती उठून आत गेली. मला वाटलं, आता ही रागावली. रागावली असती तरी बरोबर होतं. थोड्या वेळानं ओल्या हातांनी बाहेर आली आणि बोलली, "मला वाटायचं आई तुमची चाल गुणगुणते. तुमी तिची वाजवत होते."

मंग ती माझ्याजवळ बसली. तिला सूर वाचता येत नाय, ते तुला ठाऊक हाय. मी पानावर बोट ठेवलं आणि रेघांवरून हळूहळू सरकवायला लागलो. ती तोंडानं म्हणायला लागली. मला ऐकू काय येत नव्हतं, पण ओठ दिसत होते, गळा दिसत होता. बोट आणि ती बरोबर चालली होती. बाविसाव्या बारात मी बोट थांबवलं. तिनं तिथं मान जरा खाली घेतली. तिची आई घ्यायची तशीच. कोमल नी लावताना मान खाली जायची तिची.

बोट पानाच्या शेवटाला आलं. जाड दुहेरी रेघ. मी बोट उचललं.

दीपाचं तोंड थांबलं नाय.

मी हातानं खूण केली, संपली. तिनं मान हलवली. मी पानावर ती रेघ दाखवली. तर तिनं माझा हात बाजूला केला आणि म्हणत राहिली. थांबली तेव्हा मी विचारलं, हे काय? बोलली, "आई मला निजवताना म्हणायची. हे पुढचं हाय. तुमाला नाय ठाऊक?"

मला नाय ठाऊक, बाय. मी पाचव्या दिवशी ऐकलं तेवढं लिवून घेतलं आणि बँड घेऊन बाहेर गेलो. ती घरात पुढं म्हणत राहिली, आणि मला वाटलं संपली. लग्नसराईत मी घरी असायचो कुठं?

मशीन लावून दीपाच्या तोंडाशी कान नेला. काय तरी वर जातं आणि मंग लांबवर जाऊन खाली येतं, एवढं कळलं. लिवण्यासारखं नाय कळलं. माझ्यानं ते आता होणार नाय. तुझ्यानं होईल.

तू रविवारी ये. पाच रेघांचे कागद आण, दोन-चार जास्तच आण. आमच्याकडं पियानो नाय, पण दीपा म्हणेल आणि तू लिव, मी बाजूला बसून बघतो. जेवायला इथंच थांब, पापलेट सांगून ठेवलंय.

ती पुढं किती हाय ते मी दीपाला विचारलं. ती बोलते, म्हटल्याशिवाय तिला पण सांगता येणार नाय.

एकनाथ